कंबरेची दुखापत व कमाईक्षमतेची भरपाई (कोकण)

कामावर असताना कंबर किंवा मणका दुखावून कामगाराची कमावण्याची क्षमता कायमची घटली, तर त्या घटीपोटी मालकाने द्यायची रक्कम. हा हक्क १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने दिला. २००९ च्या दुरुस्तीने त्याचे नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. त्याआधीच्या अपघातांसाठी मात्र जुना कायदाच पाहावा लागतो. पुढील आकडे व तरतुदी या जुन्या कायद्यातल्या आहेत.

कोकणात पाठीवर येणारी कामे पुष्कळ. चिरेखाणीत कापणी आता यंत्राने होते, पण सुमारे ३० किलोंचा जांभा चिरा उचलून ट्रकमध्ये रचायचा तो माणसानेच. मिरकरवाडा, हर्णै यांसारख्या बंदरांत खलाशी भरलेले जाळे ओढतात, बर्फ आणि मासळीचे क्रेट चढवतात. आंब्याच्या हंगामात झाडावरून पडणारेही असतात. ‘उसण भरली’ म्हणून दोन दिवस शेक घ्यायचा आणि परत कामावर जायचे, ही सर्वत्र रीत. मणक्यातली गादी सरकून नस दबल्याचे एमआरआयमध्ये दिसते तेव्हा बरेच दिवस उलटलेले असतात. मग हे दुखणे वयाचे आहे, कामाचे नाही, असे मालकाला म्हणता येते. म्हणून पहिल्या डॉक्टरच्या कागदावर ‘चिरा उचलताना’ हे दोन शब्द असणे-नसणे निर्णायक ठरू शकते. उचलण्याच्या ताणाने आधीचा दोष उफाळला, तरी कामाचा त्यातला हातभार सिद्ध झाल्यास दावा टिकतो.

कोणता अवयव गेला तर कमाईक्षमता किती टक्के घटली असे धरायचे, याचे दर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत (जोडलेल्या यादीत) ठरलेले आहेत. हाताचा अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. सरकलेल्या गादीचा त्यात उल्लेख नाही. अशा वेळी कमाईक्षमता किती टक्के घटली ते डॉक्टरने अनुसूचीतील दरांचे भान ठेवून सांगायचे असते, आणि खरा वाद इथेच पेटतो. अपंगत्वाच्या दाखल्यावरचा आकडा शरीराचा असतो; भरपाईला हवा असतो तो कमाईचा आकडा. कारकुनाची कंबर ३० टक्के निकामी झाली तर तो उशी घेऊन खुर्चीत बसेल. चिरे भरणाऱ्याला वाकताच येत नसेल, तर त्याच ३० टक्क्यांनी त्याचा धंदा बुडतो. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या १९७५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोपराच्या वरून डावा हात गमावलेल्या सुताराची हानी १०० टक्के धरली, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तरीही दाखल्यावरचा आकडा जसाच्या तसा उचलून दावा मांडला जातो, आणि नुकसान कामगाराचेच होते.

फरक किती पडतो ते हिशेबातून कळते. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणांकाने गुणतात. चाळिशीला तो १८४.१७ आहे. ३ जानेवारी २०२० पासून वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते. म्हणजे चाळीस वर्षांच्या कामगारासाठी पूर्ण रक्कम १६,५७,५३० रुपये. घट ३० टक्के मानली तर ४,९७,२५९ रुपये, ७० टक्के मानली तर ११,६०,२७१. अंशतः अपंगत्वात या पूर्ण रकमेचा तेवढाच हिस्सा मिळतो. उपचारांपुरते काम बंद असेल, तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, तेही जास्तीत जास्त पाच वर्षे.

वेतन सिद्ध करणे हा कोकणातला दुसरा पेच. खलाशाला कुठे पगार, कुठे मासळीच्या विक्रीतला वाटा, हंगामाआधी घेतलेली उचल वेगळीच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. खाणीतली मजुरी चिऱ्यांच्या नगावर आणि हिशेब मुकादमाच्या वहीत. ‘मी मालक नाही, ठेकेदाराला विचारा’ ही पळवाट मात्र कायद्याने बुजवली आहे: आपल्या धंद्याचे काम ठेक्याने करून घेणाऱ्या मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते. कायदा कोणत्या कामांना लागू होतो याची यादी असलेल्या दुसऱ्या अनुसूचीत मासेमारीचे काम नोंदलेले आहे. 

गावात बसून मिटवण्याची पद्धत जुनी आहे. थोडे रोख, दवाखान्याचा खर्च आणि ‘पुढे काही मागणार नाही’ अशा कागदावर सही. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. भरपाई देय झाल्यापासून महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारणाशिवाय टाळली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असलेल्या कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला हा मार्ग बंद असतो. त्याला वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानुसार नियमित लाभ मिळतो. इतरांनी अपघातापासून दोन वर्षांत, या कायद्याखाली भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे दावा करायचा. तो अपघात घडला तिथे किंवा कामगार राहतो तिथे, दोन्हीकडे चालतो. त्यामुळे मुंबईत गोणी उचलताना कंबर गेलेला चाकरमानी दावा आपल्या जिल्ह्यात लावू शकतो आणि रत्नागिरीच्या खाणीत पडलेला कर्नाटकचा मजूर त्याच्या.