युद्धविषयक पत्त्यांचे खेळ आणि इतिहासाचे अध्यापन

इतिहासातल्या एखाद्या युद्धावर बेतलेला पत्त्यांचा खेळ वर्गात खेळायचा आणि नंतरच्या चर्चेतून तो काळ समजून घ्यायचा, अशी ही अध्यापनपद्धती आहे. सनावळ्या पाठ करून घेणे हा तिचा हेतू नव्हे. त्या वेळच्या माणसांपुढे कोणते पर्याय होते आणि कोणते नव्हतेच, हे मुलांना स्वतः निर्णय घेताना उमगावे, यासाठी ती वापरली जाते.

पत्त्यांतून इतिहास शिकवण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्सचा बालराजा चौदावा लुई याच्यासाठी त्याचा मुख्यमंत्री कार्डिनल माझारँने १६४४ मध्ये शैक्षणिक पत्त्यांचे संच करवून घेतले. त्यांतल्या एका संचात फ्रान्सचे राजे होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये स्पॅनिश आरमाराच्या पराभवाचे पत्तेही निघाले, पण त्यांचा भर कॅथलिकविरोधी प्रचारावर होता. या पत्त्यांत इतिहास चित्रापुरताच असे.

तो खेळाच्या नियमांत आला विसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धावरील मार्क हर्मन यांच्या ‘वी द पीपल’ (१९९३) या खेळात पटावरच्या हालचाली हातातल्या पत्त्यांवर ठरतात. शीतयुद्धावरच्या ‘ट्वायलाइट स्ट्रगल’मध्ये (२००५) तर प्रतिपक्षाला फायद्याची घटना असलेले पानही कधी ना कधी आपल्यालाच टाकावे लागते आणि ती घटना घडते. अणुयुद्धाच्या धोक्याची पातळी आपल्या खेळीने टोकाला गेली, तर आपण हरतो. महासत्ता एकमेकींना भिऊन का वागत होत्या, हे या एका नियमातून चांगले पोहोचते. मात्र पूर्ण डाव दोन-तीन तास चालतो. शाळेच्या एका तासिकेत तो बसत नाही.

वर्गासाठी ‘द ग्रिझल्ड’ (२०१५) अधिक सोयीचा. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच खंदकांवरचा हा खेळ दोन ते पाच जण मिळून खेळतात. एकमेकांना हरवायचे नसते. त्याची चित्रे तिन्यूस या व्यंगचित्रकाराची आहेत. जानेवारी २०१५ मध्ये ‘शार्ली एब्दो’ या फ्रेंच व्यंग-साप्ताहिकावरील हल्ल्यात तो मारला गेला. पत्त्यांवर पाऊस, बर्फ, रात्र, तोफगोळा, विषारी वायूचा मुखवटा आणि हल्ल्याची शिट्टी अशी संकटे आहेत. एकच संकट तीनदा मांडले गेले की मोहीम फसते. हातात काय आहे ते सोबत्यांना सांगता येत नाही. कुणाला भीतीचा, कुणाला मानसिक आघाताचा पत्ता चिकटतो आणि तो साऱ्या गटाला जड जातो. एका गठ्ठ्याच्या तळाशी शांतीचे कबुतर, दुसऱ्याच्या तळाशी हुतात्म्यांचे स्मारक. शत्रूला मारण्याची सोयच नसल्याने मुलांचे सगळे लक्ष शेवटपर्यंत टिकून राहण्यावर लागते, आणि खंदकांतल्या युद्धाबद्दल हेच कळायला हवे.

खेळानंतरच्या चर्चेला खेळाइतकाच वेळ द्यायला हवा. ती टाळली, तर मुलांच्या लक्षात फक्त हार-जीत राहते. क्वचित एखादे मूल डावात घडले तेच खरे धरून बसते. चर्चेत विचारण्याजोगा सर्वांत उपयुक्त प्रश्न म्हणजे ‘यातला कोणता नियम खोटा वाटतो?’ ‘द ग्रिझल्ड’मध्ये मोहीम किती कठीण घ्यायची हे मित्रांपैकीच एक जण ठरवतो. प्रत्यक्षात हुकूम वरून येत. एप्रिल १९१७ मधली फ्रेंच सेनापती नीव्हेलची चढाई प्रचंड मनुष्यहानीनंतर फसली, तेव्हा फ्रेंच सैन्याच्या अनेक तुकड्यांनी पुन्हा हल्ल्यावर जायला नकार दिला. या बंडाचा पाठ याच प्रश्नापासून सुरू करता येतो.