परसातील कोंबडीपालन

घराच्या मागच्या-पुढच्या मोकळ्या जागेत पाच-पंधरा कोंबड्या मोकळ्या सोडून पाळण्याची पद्धत. कोंबड्या दिवसभर परसात, उकिरड्यावर, गोठ्याच्या कडेने उकरून खातात आणि रात्री खुराड्यात किंवा डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीखाली, बसतात. कोकण, खानदेश आणि विदर्भातल्या खेड्यांत हा व्यवहार बहुतेक बाईच्या हातात असतो. अंड्यांचे पैसे तिच्याजवळ राहतात आणि मुलांच्या वह्या, औषधपाणी त्यातून भागते. त्यामुळे एका रोगात खुराडे रिकामे होणे ही घराच्या दृष्टीने मोठी गोष्ट असते.

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज या सुधारित जाती जास्त अंडी देतात; मात्र त्या अंगाने जड, त्यामुळे शत्रू आला की भुर्रकन झाडावर चढणे त्यांना जमत नाही, आणि त्या खुडूकही, म्हणजे अंडी उबवायला बसणाऱ्या, क्वचितच होतात. पिले काढायची तर अंडी गावठी कोंबडीखालीच ठेवावी लागतात. म्हणून सगळ्या कोंबड्या सुधारित आणू नयेत, दोन-तीन गावठी राखाव्यात.

खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे. उंचीमुळे ओल चढत नाही, घूस खालून पोखरत नाही आणि फटींतून विष्ठा खाली पडते. प्रत्येक पक्ष्यामागे एक ते दीड चौरस फूट जागा आणि बसायला आडवी दांडी पुरे. बाजारात ‘कोंबडीची जाळी’ म्हणून मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण रानमांजर ती फाडते आणि पिलांच्या बेताची फट सापाला सहज पुरते. अर्ध्या इंचाची जाड वेल्डेड जाळी महाग पडते, पण ती एकदाच घ्यावी लागते.

दिवसा घार आणि मुंगूस, रात्री रानमांजर आणि उदमांजर, अंड्यांवर नाग. मोकाट कुत्र्यांना वेळकाळ नाही. घारीची धाड पिलांवर असते, म्हणून पहिले तीन-चार आठवडे पिले आईसह डालग्यात ठेवतात आणि परसात झुडपांचा आडोसा राखतात. मुंगसाला फास किंवा विष लावू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, शिवाय विष शेवटी घरच्या कुत्र्या-मांजरांच्या पोटात जाते.

खरी राखण संध्याकाळी होते. दिवेलागणीच्या आधी कोंबड्या आपणहून खुराड्याकडे येतात. दार लावण्यापूर्वी डोकी मोजावीत आणि एखादीच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपावी. दिवसभर चरलेल्या कोंबडीची पिशवी भरलेली, दाण्यांनी खरखरीत लागते. सकाळी तीच रिकामी हवी. संध्याकाळी रिकामी किंवा सकाळीही फुगलेली असेल, तर ती कोंबडी वेगळी डालावी. आजारी कोंबडी शक्य तोवर दुखणे लपवते, आणि हे दोन मिनिटांचे चाचपणे ते उघडे पाडते.

या सगळ्या शत्रूंनी मिळून नेल्या नसतील इतक्या कोंबड्या मानमोडी नेते. याच रोगाला राणीखेत म्हणतात. १९२०च्या दशकाच्या अखेरीस तो भारतात कुमाऊंतल्या राणीखेत येथे नोंदला गेला. हिरवट-पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास, पंख-पाय लुळे पडणे आणि पिळवटलेली मान ही लक्षणे. विषाणूजन्य असल्याने यावर औषध नाही. लस न टोचलेल्या वाडीत तो शिरला, तर आठवड्याभरात खुराडी ओस पडतात.

लस मात्र स्वस्त आणि खात्रीची आहे. पिलाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही लस टोचून. आर-टू-बी तिखट असते, लहान पिलांना ती सोसत नाही. अडचण वेगळीच आहे. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, दोन ते आठ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात ठेवावी लागते आणि एकदा मिसळली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या घराला ती कशी परवडणार? म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी मिळून एक कुपी, बर्फाचा डबा आणि एक पहाट ठरवावी. पहाट अशासाठी, की दार उघडले की कोंबडी हाती लागत नाही. एका घराने लस टोचली आणि शेजारच्या चार घरांनी नाही, तर रोग वाडीत राहतोच. मानमोडी कुंपण मानत नाही.

रोग येतो तो बहुधा आठवडी बाजारातून, नव्या कोंबडीच्या पायांनी. नवा पक्षी निदान दोन आठवडे लांब डालून ठेवावा. त्याचे दाणापाणी शेवटी करावे. याहून वाईट सवय म्हणजे दोन कोंबड्या मेल्या की उरलेल्या घाईने बाजारात विकणे. विकणाऱ्याची हतबलता कळते, पण त्यामुळे रोग आणखी दहा गावांत पोचतो.

कोंबड्यांची देवी हा दुसरा रोग डासांमुळे पसरतो. तुरा आणि डोळ्यांभोवती खपल्या धरतात. देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत टोचतात. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर पिलांना रक्ती हगवण लागते. कोरडे खुराडे हाच मोठा उपाय. लाल कोळी दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात, म्हणून औषध कोंबडीला लावून भागत नाही, फटी चुन्याने लिंपाव्या लागतात. राखेत आणि कोरड्या मातीत लोळायला जागा दिली, की उवा बऱ्याच आटोक्यात राहतात.

चरून पोट भरले तरी संध्याकाळी मूठभर कणी किंवा ज्वारी द्यावी. त्या ओढीनेच कोंबड्या घरी येतात. अंड्याचे कवच पातळ पडू लागले तर शिंपल्यांचा चुरा. बुरशी आलेले धान्य ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून टाकू नये, त्यातले विष यकृत खराब करते. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. मे महिन्यात सावलीत ठेवलेले गार पाणी दाण्याइतकेच मोलाचे.

खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. एकविसाव्या दिवशी पिले फुटतात. सातव्या रात्री अंडे बॅटरीसमोर धरले, तर आत तांबड्या शिरांचे जाळे दिसते; नुसतेच पारदर्शक असेल ते काढून टाकावे.

फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे देशात प्रथमच बर्ड फ्लू आढळला. तेथील मोठ्या पोल्ट्रींबरोबर आसपासच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, तर पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे आणि मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नयेत, कापून खाऊ नयेत, ओढ्यात टाकू नयेत. दवाखान्याने सांगितल्यावर खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत. खुराडे धुऊन, चुना देऊन, उन्हात तीन-चार आठवडे रिकामे ठेवावे. नंतरही आधी दोन-तीनच तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणाव्यात, आणि त्या टिकल्या तर बाकीच्या.