मऊ बूट की आधाराचे बूट? रोजच्या धावण्यासाठी कुठला घ्यावा

"गुडघे दुखतात, चांगले मऊ बूट दाखवा," असं म्हणत दुकानात शिरलेल्या माणसासमोर बहुतेक वेळा दोन खोकी येतात. एकातला बूट अंगठ्याने दाबला की लगेच आत जातो. दुसरा हाताला थोडा जड लागतो, टाचेशी घट्ट असतो, आणि विक्रेता सांगतो, "याला सपोर्ट आहे." किंमत जवळपास सारखीच. मग साहजिकच प्रश्न येतो: दोन्हीत जास्त चांगला कुठला?

हा प्रश्नच बदलायला हवा, कारण हे बूट दोन वेगळ्या कामांसाठी बनलेले आहेत. कुशन म्हणजे तळव्याखालची गादी. वरून खाली येणारा दणका ती सावकाश जिरवते. सपोर्ट, ज्याला कंपन्या 'स्टॅबिलिटी' म्हणतात, तो पाऊल आडवं किती कलंडतं ते सांभाळतो. एखादा बूट खूप मऊ असूनही त्यात आधार नसतो. एखाद्यात दोन्ही भरपूर असतं. 'जितका मऊ तितका आधार जास्त' हा समज मात्र डोक्यातून काढूनच टाका. मऊ गादीवर एका पायावर उभं राहून बघा, घोटा किती डगमगतो ते. जाड आणि मऊ सोलवर पायाचं नेमकं तेच होतं.

आधी कुशनचं बघू. सात मिनिटांना एक किलोमीटर अशा आरामाच्या वेगात मिनिटाला साधारण 160 पावलं पडतात, म्हणजे किलोमीटरमागे अकराशेच्या वर. प्रत्येक वेळी पायावर वजनाच्या दोन-अडीच पट जोर येतो. सोलमधला फोम हा जोर नाहीसा करत नाही, फक्त तो थोडा जास्त वेळात आणि तळव्याच्या जास्त भागावर पसरवतो. पूर्वी हा फोम बहुधा ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा असायचा. आता पेबा जातीच्या प्लास्टिकचे हलके, उसळी देणारे फोम आले, त्यामुळे वजन फारसं न वाढवता सोल जाड करता येतो. 2009 साली सुरू झालेल्या होका कंपनीने जाड सोलची लाट आणली, आणि आज बहुतेक कंपन्यांकडे तसा एक तरी बूट आहे.

मऊ बूट इजा टाळतो का? लक्झेंबर्गमधल्या संशोधकांनी आठशेहून जास्त हौशी धावपटूंना दिसायला सारखेच, पण काहींना कडक तर काहींना मऊ असे बूट वाटले होते. कुणाच्या पायात कुठला आहे हे धावणाऱ्यांना माहीत नव्हतं. 2020 साली निकाल छापून आला: कडक बूटवाल्यांना इजा जास्त झाल्या. गंमत म्हणजे मऊपणाचा फायदा वजनदार माणसांपेक्षा हलक्या अंगाच्या धावपटूंनाच जास्त दिसला. 'माझं वजन जास्त, म्हणून मला सगळ्यात मऊ हवा' हे गणित त्यामुळे तितकंसं बसत नाही. वजनदार माणसाखाली अतिमऊ फोम पूर्ण दबून जातो, आणि एकदा तळाशी टेकला की त्याचा उपयोग संपतो. अशा माणसाला जाड पण जरा घट्ट फोम बरा पडतो.

दुसरी बाजूही आहे. जमीन मऊ झाली की शरीर नकळत पाय जास्त ताठ ठेवतं. 2018 साली फिनलंडमधल्या एका छोट्या अभ्यासात वेगाने धावताना जाड कुशनच्या बुटात दणका साध्या बुटापेक्षा जास्त भरला होता. म्हणून रोजच्या सावकाश धावण्यासाठी मऊपणा घ्यावा, तो सोसेल तेवढा घ्यावा, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

आता आधार. इथे गोंधळ जास्त आहे आणि पैसेही इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बहुतेकांची टाच आधी बाहेरच्या कडेने टेकते. मग पाऊल आतल्या बाजूला झुकतं, कमान थोडी खाली बसते, आणि पुढे ढकलताना पाऊल पुन्हा ताठ होतं. या आत झुकण्याला प्रोनेशन म्हणतात. हा दोष नव्हे. शरीराने दणका जिरवायची केलेली ती सोयच आहे. पण ते झुकणं प्रमाणाबाहेर गेलं की नडगी, गुडघा, घोटा सगळे पिळवटतात आणि त्यातून दुखणी उद्भवतात, असा सिद्धांत बरीच वर्षं मानला गेला. त्यावर उपाय म्हणून सोलच्या आतल्या कडेला जास्त कडक फोमचा तुकडा बसवायला सुरुवात झाली. जुन्या स्टॅबिलिटी बुटांत कमानीखाली दिसणारा राखाडी पट्टा तो हाच. 1993 साली आलेला आसिक्सचा जेल-कायानो या घराण्यातला सगळ्यात ओळखीचा बूट.

त्याच काळात ओल्या पावलाची चाचणी सगळीकडे पोचली. पाय ओला करून शहाबादी फरशीवर उमटवायचा. पूर्ण तळवा उमटला तर सपाट पाय, म्हणून कडक आधाराचा बूट. मधे बारीक पट्टी उमटली तर उंच कमान, म्हणून मऊ बूट. मधलं काही असेल तर मधला बूट. सोपं, घरच्या घरी होणारं, आणि दुकानदारालाही सोयीचं. अडचण इतकीच की उभं राहिल्यावर उमटलेला ठसा धावताना पाऊल काय करतं ते सांगत नाही.

अमेरिकी सैन्यदलांनी हजारो रिक्रूटांवर हे तपासून बघितलं. काहींना पावलाच्या आकाराप्रमाणे बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींमध्ये दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. डेन्मार्कमध्ये 927 नवशिक्यांना एकच साधा, आधार नसलेला बूट देऊन वर्षभर नोंद ठेवली गेली. ज्यांचं पाऊल मध्यम आत झुकत होतं, त्यांना इतरांपेक्षा जास्त इजा झाल्याचं दिसलं नाही. मग आधार बिनकामाचा समजायचा का? तसंही नाही. लक्झेंबर्गमध्येच 372 धावपटूंवर झालेल्या आणि 2016 साली छापून आलेल्या प्रयोगात, पाऊल खरोखर आत झुकणाऱ्यांना आधाराच्या बुटांत इजा कमी झाल्या.

माझं मत यावरून असं बनलं आहे: नुसता पाय सपाट आहे म्हणून आधाराचा बूट घेऊ नये, आणि सपाट नाही म्हणून नाकारूही नये. पायाचा आकार बाजूला ठेवा, दुखण्याचा इतिहास बघा. नडगीच्या आतल्या कडेला वारंवार दुखतं, घोट्याच्या आतल्या हाडामागे ठणका लागतो, धावून दमल्यावर पाऊल आत कोसळतंय असं सोबतच्यांना दिसतं, तर आधाराचा बूट घालून बघण्यात अर्थ आहे. दुखणं जात नसेल तर आधी फिजिओथेरपिस्टकडे जा, बूट नंतर. आणि ज्यांचं आधाराच्या बुटात वर्षानुवर्षं छान चाललं आहे त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून तो सोडू नये. दुखत काहीच नसेल, धावायला नुकती सुरुवात असेल, तर साधा कुशनचा बूट पुरतो.

झिजलेल्या सोलवरून निदान करणारेही खूप भेटतात. टाचेची बाहेरची कड झिजली आहे, म्हणजे पाऊल बाहेर कलंडतं, असं ते सांगतात. बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेनेच टेकते, त्यामुळे तिथला रबर आधी जाणारच. पाऊल पुढे आत किती झुकलं, हे त्या झिजेवरून कळत नाही.

गेल्या काही वर्षांत आधार देण्याची पद्धतही बदलली आहे. 2023 साली आलेल्या कायानो 30 मधून तो कडक तुकडा काढून टाकण्यात आला. त्याऐवजी सोल रुंद झाला आणि कमानीखाली वेगळा फोम आला. ब्रूक्सच्या ॲड्रेनलिन जीटीएसमध्ये टाचेच्या दोन्ही बाजूंना उंचावलेल्या कडा असतात, पाऊल मर्यादेबाहेर जायला लागलं तरच त्या अडवतात. होकाच्या अराहीमध्ये बरीच वर्षं इंग्रजी 'J' अक्षराच्या आकारात घट्ट फोम टाचेभोवतून आतल्या कडेने पुढे यायचा. म्हणजे आजचा आधाराचा बूट पूर्वीसारखा लाकडी राहिलेला नाही.

निवडताना याचा फायदा करून घेता येतो. बऱ्याच कंपन्या भावंडांची जोडी काढतात: ब्रूक्सचा घोस्ट साधा, ॲड्रेनलिन आधाराचा, होकाचा क्लिफ्टन साधा, अराही आधाराचा, सॉकनीचा राइड साधा, गाइड आधाराचा. दुकानात एकाच कंपनीची अशी जोडी मागा. डाव्या पायात एक, उजव्यात दुसरा घालून थोडं धावा, मग पाय बदलून पुन्हा धावा. वेगवेगळ्या कंपन्यांचे बूट घेतले तर आकार, चवड्याची रुंदी, टाचेची उंची सगळंच बदलतं आणि आधाराचा फरक त्यात हरवून जातो.

बूट हातात घेतलात की आणखी दोन-तीन गोष्टी तपासा. टाचेजवळ सोलची आतली आणि बाहेरची कड एकाच वेळी दोन अंगठ्यांनी दाबा. आतली कड जास्त कडक लागली तर जुन्या पद्धतीचा आधार आहे. टाचेमागची वाटीसारखी भिंत चिमटीत धरून दाबा, सहज चपटी झाली तर टाच पकडायला ती कमी पडेल. बूट उलटा करून कमानीखालची कंबर बघा. जाड, मऊ आणि कमरेत बारीक, असा बूट डगमगणार. रुंद तळाचा मऊ बूट मात्र आधाराची पाटी नसतानाही पुष्कळ स्थिर असतो. आतला इनसोल बाहेर काढून त्यावर उभं राहा: चवडा कडेबाहेर सांडत असेल तर कितीही कुशन असलं तरी तो बूट तुमचा नाही, टू-ई किंवा फोर-ई, म्हणजे जास्त रुंदीचा मागा. आणि पाय घालताच जाणवणारा मऊपणा पुष्कळदा या इनसोलचाच असतो, तो थोड्या दिवसांत बसतो. खरा फोम चार पावलं धावल्यावरच कळतो, म्हणून धावू न देणाऱ्या दुकानातून महागडा बूट घेऊ नये.

खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. मोजे धावण्याचेच न्या. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा राहू द्या.

धावण्याची जागाही हिशेबात धरा. मरीन ड्राइव्हच्या सपाट कट्ट्यालगत मऊ, जाड बूट मजेत चालतो. तोच बूट उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकवर घोट्याची परीक्षा घेतो. डांबरी रस्ता पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरता केलेला असतो. रोज एकाच कडेने धावलात तर एक पाऊल दररोज तसंच कलतं राहतं आणि दुखतंही बहुधा एकाच पायाचं. असं असेल तर आधाराचा बूट शोधण्याआधी परतताना कड बदलून बघा. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या अर्ध मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी उताराचा विचार करावा: उतारावर ब्रेक लावत उतरताना मांड्यांवर आणि टाचेवर जोर येतो, तिथे कुशन कामी येतं, पण बोटं पुढे आपटू नयेत म्हणून टाच पक्की धरणारा बूट हवा. वरचं शेवटचं भोक वापरून लेस बांधली की बऱ्याच बुटांत टाच धरली जाते.

बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर साथ देतो. आठवड्याला 30 किलोमीटर धावणाऱ्याला म्हणजे चार ते सहा महिने. खिशाला झेपत असेल तर एकच भारी जोड घेण्यापेक्षा मध्यम किमतीचे दोन वेगळे जोड घ्या, एक मऊ आणि एक जरा घट्ट किंवा आधाराचा, आणि आलटून पालटून वापरा. लक्झेंबर्गच्याच आणखी एका पाहणीत असे एकाहून जास्त जोड वापरणाऱ्यांना इजा बऱ्याच कमी झाल्या होत्या. पावसाळ्यात तर दुसरा जोड लागतोच. भिजलेला बूट कोरडा व्हायला दिवस जातो, त्यात वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा, कडक उन्हात नको.

नवा बूट जुन्याहून फार वेगळा असेल, उदाहरणार्थ टाच-चवड्यातला उंचीचा फरक 10 मिलिमीटरवरून 5 वर आला असेल, तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर तक्रार करते. पहिले दोन-तीन आठवडे नव्या जोडात तीन-चार किलोमीटरचं सावकाश धावणं ठेवा, लांब पल्ला जुन्यातच पूर्ण करा. पोटरी सकाळी उठताना ताठ लागायची थांबली की अंतर वाढवायला हरकत नाही.