चुकांच्या यादीमागचा इतिहास

सोलापुरात स्पर्धा परीक्षेची, इंग्रजी निबंधाची तयारी करणारी पोरं ॲड होमिनेम (मुद्दा सोडून माणसावर घसरणं), स्ट्रॉ मॅन (समोरच्याचं म्हणणं वाकडं करून तेच खोडणं) अशी युक्तिवादातल्या चुकांची नावं धडाधड पाठ करतात आणि वादात समोरच्यावर फेकतात, पण ही नावं आली कुठनं ते बघायलाच पाहिजे.

वाद घालायला शिकवण्याची सुरुवात जमिनीच्या भांडणातनं झाली असं मानतात. इ.स.पू. पाचव्या शतकात सिसिलीतल्या सिराक्यूजमध्ये हुकूमशहांची सत्ता गेली, हडपलेल्या जमिनींसाठी लोक कोर्टात उभे राहिले, आपली बाजू आपणच मांडायची होती, मग कोरॅक्स आणि टिसियस बोलायचं कसं ते शिकवायला लागले. पुढं ॲरिस्टॉटलनं पटवायचं कसं यावर एक ग्रंथ लिहिला आणि फसवे युक्तिवाद ओळखायला दुसरा, त्यात 13 दोष आहेत, पैकी 6 भाषेमुळं होणारे.

आपल्याकडं न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन दर्शनात, हेच काम झालं, 5 हेत्वाभास (खरी वाटणारी पण फसवी कारणं), शिवाय छल, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलताच अर्थ घेणं. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातलं छलाचं उदाहरण चादरीच्या गावात तर लगेच कळावं: कुणीतरी म्हणतं हा पोरगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे अंगावर नवं कांबळं आहे, आणि समोरचा ‘नव’ म्हणजे नऊ असं धरून म्हणतो नऊ कुठायत, एकच तर दिसतंय!

इंग्रजीत थॉमस विल्सननं 1551 ला तर्कावर आणि 1553 ला वक्तृत्वावर पुस्तक काढलं. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक. 1690 च्या त्याच्या निबंधात ॲड होमिनेम आहे, पण तिथं त्याचा अर्थ शिवीगाळ नाहीच, समोरच्यानं जे मान्य केलंय त्यावरूनच निष्कर्ष काढून त्याला कोंडीत पकडायचं, एवढाच. आणि लॉक म्हणतो अशानं समोरचा गप्प बसेल, पण तेवढ्यानं तुमचं खरं ठरत नाही. आज आपण हे नाव ज्या अर्थानं वापरतो तो नंतर रूढ झालाय.

1824 ला इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथमचं पुस्तक आलं ते राजकारणातल्या फसव्या युक्तिवादांवर. मग बराच काळ पाठ्यपुस्तकं तीच यादी, जवळपास तीच उदाहरणं छापत राहिली, त्यावर 1970 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हॅम्ब्लिन या तत्त्वज्ञानं कडक टीका केली आणि ती अगदी रास्त होती. त्यानंतर ॲम्स्टरडॅमच्या वान ईमरेन आणि ग्रोटेनडॉर्स्ट या अभ्यासकांनी वेगळीच मांडणी केली, की दोष म्हणजे चर्चेचा नियम मोडणं. म्हणजे माणसाबद्दल बोलणं दरवेळी चूक नाही: साक्षीदारानं पैसे घेतलेत का हे कोर्टात विचारणं बरोबरच, पण कविता चांगली का वाईट या वादात कवीचं कर्ज उकरून काढणं चूक.