हवामान वाटाघाटींतील नागरी संघटना आणि गरीब देशांचा न्याय

हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटी सरकारांमध्ये होतात. त्यांत स्वयंसेवी संस्था, आदिवासींच्या संघटना, कामगार संघ, महिला व युवक गट यांना ‘निरीक्षक’ म्हणून जागा असते, मत नसते. तरीही तापमानवाढीला कोण किती जबाबदार, तिची झळ कोणाला आणि खर्च कोणी उचलायचा, हे प्रश्न वाटाघाटींच्या टेबलावर टिकून राहिले, यात या मत नसलेल्या मंडळींचा वाटा मोठा आहे.

निरीक्षकांचे स्थान १९९२च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल आराखडा करारातच ठरले आहे. कराराच्या विषयाशी संबंध असलेली कोणतीही पात्र संस्था प्रवेश मागू शकते. हजर देशांपैकी किमान एक तृतीयांश देशांनी हरकत घेतली तरच तो नाकारला जातो. या संस्थांचे नऊ गट मानले जातात: पर्यावरणवादी, उद्योग, शेतकरी, आदिवासी, स्थानिक स्वराज्य संस्था, संशोधक, कामगार, महिला आणि युवक. खुल्या बैठकीत गटाच्या वाट्याला मोजक्या मिनिटांचे निवेदन येते, तेही वेळ उरला तर. गंमत अशी की मतदानाचा नियम देशांनीही कधी मंजूर केलेला नाही. करारातील देशांची परिषद दरवर्षी भरते. त्यातल्या पहिल्या, १९९५च्या बर्लिन परिषदेपासून कार्यपद्धतीचे नियम मसुदा म्हणूनच वापरात आहेत आणि निर्णय सहमतीने होतात. सहमतीमुळे छोट्या देशाला अडवण्याची ताकद मिळते, पण मोठ्या देशाच्या नकारापुढे मसुदा पातळ होत जातो.

न्यायाचा मुद्दा करारापेक्षा जुना आहे. १९९०मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधन संस्थेने उत्सर्जनाची देशवार क्रमवारी काढली, तेव्हा भारत, चीन आणि ब्राझील पहिल्या पाचांत दिसले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१मध्ये एका पुस्तिकेतून या हिशेबाचीच चिरफाड केली. भाताच्या खाचरातून आणि गुराढोरांतून निघणारा मिथेन हा जगण्यासाठीचा, तर श्रीमंत देशांतल्या मोटारींचा धूर चैनीचा. दोन्ही एकाच तराजूत कसे तोलायचे, असा त्यांचा सवाल होता. वातावरण आणि समुद्र जो कार्बन पचवतात, त्यातला वाटा माणशी समान असावा, असे त्यांनी मांडले. पुढच्या वर्षी करारात ‘समान परंतु विभेदित जबाबदाऱ्या’ (जबाबदारी सगळ्यांची, पण प्रत्येकाची सारखी नाही) हे तत्त्व आले. ते केवळ या पुस्तिकेमुळे आले असे म्हणता येणार नाही, पण विकसनशील देशांच्या हाती आकड्यांचा युक्तिवाद दिला तो एका बिगरसरकारी संस्थेने.

छोट्या देशांना या मदतीची गरज का पडते, हे परिषदेचे वेळापत्रक पाहिले की कळते. वित्त, अनुकूलन (बदलाशी जुळवून घेणे), कार्बन बाजार, पारदर्शकता अशा विषयांवर एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत चर्चा चालतात. मोठ्या देशाचे शिष्टमंडळ शेकड्यांत मोजावे लागते. एखाद्या बेटाची चार-पाच माणसे रात्री कोणत्या खोलीत बसायचे हेच ठरवत असतात. मान्य न झालेला मजकूर चौकोनी कंसात असतो आणि कंस काढताना एक क्रियापद बदलले तरी बंधन गळून पडते. लहान बेट-राष्ट्रांच्या १९९०मध्ये स्थापन झालेल्या आघाडीला लंडनच्या एका पर्यावरण-कायदा संस्थेतले वकील सुरुवातीपासून सल्ला देत होते. अल्पविकसित देशांचे सल्लागार, बांगलादेशचे शास्त्रज्ञ सलीमुल हक पहिल्या परिषदेपासून सत्ताविसाव्या परिषदेपर्यंत एकही परिषद चुकले नाहीत. ‘क्लायमेट ॲक्शन नेटवर्क’ ही १९८९पासूनची आघाडी परिषदेच्या काळात वार्तापत्र काढते, आणि १९९९पासून अडवणूक करणाऱ्या देशाला ‘फॉसिल ऑफ द डे’ हा उपहासाचा पुरस्कार देते. वरवर पोरखेळ वाटतो खरा, पण घरच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी होते आणि शिष्टमंडळाला खुलासे करत बसावे लागते.

या सगळ्याचा कस लागला तो ‘हानी आणि नुकसान’ या प्रश्नावर. उत्सर्जन कमी करून किंवा बदलाशी जुळवून घेऊनही जे वाचत नाही (बुडालेली जमीन, खारावलेले पाणी, सोडावे लागलेले गाव), त्याची भरपाई कोणी करायची? १९९१मध्येच बेट-राष्ट्रांच्या वतीने वानुआतूने सुचवले होते की समुद्रपातळी वाढल्याने होणाऱ्या नुकसानीसाठी औद्योगिक देशांच्या पैशावर विमा निधी उभारावा. ती सूचना करारात आली नाही. २०१३च्या वॉर्सा परिषदेच्या तोंडावर हैयान वादळाने फिलिपिन्स उद्ध्वस्त केले. त्या देशाचे प्रतिनिधी येब सान्यो यांनी भर परिषदेत उपोषण आरंभले आणि निरीक्षकांपैकी अनेकजण त्यांच्यासोबत उपाशी राहिले. २१ नोव्हेंबरला शेकडो कार्यकर्ते सभागृह सोडून बाहेर पडले. त्यांच्या सदऱ्यांवर स्पॅनिशमध्ये लिहिले होते, ‘आम्ही परत येऊ’. हाती लागली ती एक यंत्रणा, पैसा नाही. २०१५च्या पॅरिस कराराचे आठवे कलम याच विषयाला दिले गेले, पण सोबतच्या निर्णयाच्या ५१व्या परिच्छेदात श्रीमंत देशांनी लिहून घेतले की या कलमातून कोणतेही दायित्व किंवा भरपाई निघत नाही.

निधी मान्य व्हायला २०२२ साल उजाडले. त्या वर्षी पाकिस्तान महापुरात बुडाला आणि जी-७७ या विकसनशील देशांच्या गटाचे अध्यक्षपदही त्याच्याकडेच होते. त्या वर्षीच्या परिषदेत, इजिप्तमधल्या शर्म अल-शेख इथे, संघटनांनी या निधीची एकच मागणी लावून धरली. पुढच्या वर्षी ३० नोव्हेंबरला, दुबई परिषदेच्या पहिल्याच दिवशी, निधी सुरू झाला. सलीमुल हक त्याच्या महिनाभर आधीच वारले होते. परिषद संपेपर्यंत जाहीर झालेली रक्कम ७० कोटी डॉलरच्या आसपास होती, त्यात अमेरिकेचे पावणेदोन कोटी. एकट्या पाकिस्तानच्या त्या पुरातले नुकसान ३,००० कोटी डॉलरहून अधिक धरले गेले होते.

व्यापक हवामान वित्ताची कथाही अशीच. २०२०पर्यंत वर्षाला १०,००० कोटी डॉलर देऊ, असे २००९मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत ठरले. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या स्वतःच्याच हिशेबाने तो आकडा २०२२मध्ये प्रथम गाठला गेला. त्यातल्या सरकारी पैशाचा दोन तृतीयांशाहून मोठा भाग कर्जाच्या रूपात होता. ज्याने धूर केला नाही त्याने पूर झेलायचा आणि वर व्याजही भरायचे, यावर संघटनांनी सतत बोट ठेवले. २०२४मध्ये अझरबैजानमधल्या बाकूच्या परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागितले. २०३५पर्यंत वर्षाला ३०,००० कोटींचे उद्दिष्ट ठरले. हातोडा पडल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी हा मजकूर अमान्य असल्याचे सभागृहात सांगितले. तोवर निर्णय झालेला होता.

निरीक्षकांच्या मर्यादाही उघड आहेत. कोपनहेगनला सुमारे १५,००० माणसांच्या केंद्रासाठी ४०,०००हून अधिक नोंदण्या झाल्या आणि अखेरच्या, म्हणजे नेमक्या महत्त्वाच्या दिवसांत बहुतेक संघटना दाराबाहेर राहिल्या. इजिप्त, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान या लागोपाठच्या यजमान देशांत रस्त्यावरच्या निदर्शनांना वाव जवळपास नव्हता. दुसरीकडे, निरीक्षकाचा बिल्ला सगळ्यांना सारखाच मिळतो: दुबईला जीवाश्म इंधन उद्योगाचे २,४००हून अधिक हितरक्षक (लॉबिस्ट) हजर असल्याची मोजणी संघटनांच्या एका आघाडीने केली होती.

नागरी संघटनांच्या आतही उत्तर-दक्षिण, म्हणजे श्रीमंत आणि विकसनशील देशांमधली, दरी आहे. व्हिसा, विमानभाडे, हॉटेल परवडणाऱ्या संस्था बहुधा श्रीमंत देशांतल्या, आणि चर्चेची भाषा इंग्रजी. २००२मध्ये दिल्लीत आठवी परिषद भरली तेव्हा मच्छीमार, शेतकरी, आदिवासी यांनी वेगळी हवामान न्याय परिषद घेतली. २००७मध्ये बालीला तर ‘क्लायमेट जस्टिस नाउ’ ही स्वतंत्र आघाडीच निघाली. शिवाय गरीब देशाचे सरकार म्हणजे त्या देशातले गरीब नव्हेत. माणशी उत्सर्जनाचा सरासरी आकडा पुढे करून त्याआड देशातला श्रीमंत वर्ग झाकला जातो, ही टीका दक्षिणेतल्याच संघटना आपापल्या सरकारांवर करतात, आणि बाहेर त्याच सरकारांची बाजूही लढवतात.

टेबलावर जागा नसेल तर दुसरे दार ठोठावायचे, हा मार्ग पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांनी दाखवला. २०१९मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या वानुआतूतील कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागण्याची मोहीम सुरू केली. वानुआतू सरकारने ती उचलली, २९ मार्च २०२३ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मतदान न घेता ठराव केला आणि डिसेंबर २०२४मध्ये हेगला सुनावणी झाली. अनेक मोठ्या उत्सर्जक देशांनी तिथे म्हटले की हवामान करारांपलीकडे आमच्यावर बंधन नाही. २३ जुलै २०२५ला न्यायालयाने ते एकमताने अमान्य केले. हे सल्लागार मत आहे, बंधनकारक निवाडा नव्हे. पण कर्तव्य मोडल्याचा आणि नुकसानीचा संबंध सिद्ध झाल्यास द्यावयाच्या उपायांत न्यायालयाने भरपाईचाही समावेश केला आहे.