डुरियन की फणस? नाकाला विचारा

बँकॉकच्या चायनाटाउनमध्ये, यावारात रस्त्यावर, अंधार पडता पडता फळांच्या गाड्या लागतात. हिरवट, काटेरी, गरगरीत फळांचा ढीग दिसला की डोळे लगेच निकाल देतात: फणस! आपण खुशीत जवळ जातो आणि वाटतं, इथे कुणाचा गॅस उघडा राहिलाय का? तो डुरियन. थाई लोक त्याला थुरियन म्हणतात, फणसाला खनुन.

दिसण्यापलीकडे दोघांचं नातं नाही. फणस वड-उंबराच्या कुळातला, डुरियन भेंडी-जास्वंदीच्या. फणसाचे काटे बोथट, तळव्याला खरखरीत लागतात एवढंच. डुरियनचे मात्र हात फोडतील असे. विक्रेता जाड हातमोजा चढवूनच फळ उचलतो. मलयमध्ये ‘दुरी’ म्हणजे काटा, नाव त्यावरूनच पडलं. कवेत घ्यावं लागेल एवढं धूड असेल तर तो फणसच, कारण डुरियन साधारण एक ते तीन किलोंत आटपतो.

खरी मजा फळ फोडताना बघावी. विक्रेता काठीने टकटक करतो, कान देतो. पिकू लागलेल्या डुरियनमध्ये गर सालीपासून सुटतो, म्हणून आवाज पोकळ येतो. मग शिवणीत सुरी खुपसून तो हलकेच पिळतो आणि फळ फाकतं: खोलगट पांढरे कप्पे, त्यांत फिकट पिवळ्या गराच्या मऊसर लोळ्या. चीक नाही, हाताला तेल चोपडायला नको. फणसाचा सगळा खटाटोप वेगळा, कारण तो मुळात शेकडो फुलांचं मिळून एक फळ आहे. एकेक गरा एकेका फुलाचा, चारखंडातून सोडवून काढायचा. म्हणूनच बहुधा तिथे तो सोललेल्या गऱ्यांच्या पिशवीतच भेटतो. पिशवीतला गरा चकचकीत, करकरीत. डुरियनची लोळी मंद रंगाची, बोट लावलं तर लोण्यासारखी.

वासाचं कारण गंधकाची संयुगं. त्यांतलं इथेनथायॉल स्वयंपाकाच्या गॅसला वास यावा म्हणूनही मिसळतात, तेव्हा नाकाचा अंदाज अगदीच चुकीचा नसतो. २०१८ मध्ये मेलबर्नमधल्या एका विद्यापीठाचं ग्रंथालय गॅसगळतीच्या भीतीने रिकामं केलं. कपाटात सडका डुरियन निघाला. सिंगापूरच्या मेट्रोत त्याला मनाई आहे. गंमत म्हणजे तिथल्या त्या प्रसिद्ध फलकावर धूम्रपानाला, खाण्यापिण्याला दंडाची रक्कम लिहिलेली, डुरियनपुढे मात्र आकडाच नाही. थाई मोनथोंग जात सौम्य म्हणतात. पहिल्यांदा खाणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

मलेशियात आणखी एक घोळ होतो. तिथला चेम्पेडाक हा फणसाचाच भाऊबंद, लांबट आणि लहान, पण वासाने डुरियनकडे झुकणारा. तिथे नाकावर भिस्त ठेवू नका. रस्त्यावर तो पिठात बुडवून तळलेला मिळतो, गरम असतानाच घ्या.