ओपन सोर्स लायब्ररीसाठी उन्हाळी मेंटॉरशिप प्रोजेक्ट: आखणी

एखाद्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, लायब्ररीचे मेंटेनर (ती सांभाळणारे लोक) नवख्या मुलांना हाताशी धरून दोन-तीन महिन्यांत एक ठरलेलं काम करून घेतात, त्याला उन्हाळी मेंटॉरशिप प्रोजेक्ट म्हणतात. इथे लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे, दुसऱ्या प्रोग्राममध्ये जोडून वापरायचा तयार कोड. आणि आखणी म्हणजे मुलं यायच्या आधी मेंटेनर लोकांनी बसून ठरवायच्या गोष्टी: काम कुठलं द्यायचं, किती तासांचं, शिकवणार कोण, आणि ते अर्धंच झालं तर काय. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच ठरवायची राहून जाते.

या प्रकारातला सगळ्यांना माहीत असलेला कार्यक्रम म्हणजे गूगल समर ऑफ कोड, तो 2005 साली सुरू झाला. मानधन गूगल देतं पण काम त्या त्या ओपन सोर्स संस्थेचं असतं. 2022 पासून विद्यार्थीच असायला हवं ही अट गेली, 18 वर्षं पूर्ण झालेला आणि ओपन सोर्समध्ये नवीन असलेला कोणीही अर्ज करू शकतो. प्रोजेक्ट 90, 175 किंवा 350 तासांचे असतात. आउटरीची नावाचा दुसरा कार्यक्रम आहे, तो टेक क्षेत्रात ज्यांना कमी संधी मिळते अशांसाठी, आणि तो वर्षातून दोनदा असतो, एकदा मे ते ऑगस्ट, एकदा डिसेंबर ते मार्च.

समर ऑफ कोडसाठी संस्थांचे अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत जातात आणि त्यासोबत आयडिया लिस्ट द्यावी लागते, म्हणून खरी बैठक दिवाळी झाली की लगेच बसायला हवी. लिस्टमधल्या प्रत्येक आयडियात कामाचं वर्णन, शेवटी हातात काय येणार, कुठलं स्किल लागेल, मेंटॉर (शिकवणारा) कोण, तास किती आणि अवघड किती हे लिहायचं असतं. लोक वर्णन चांगलं लिहितात पण "हातात काय येणार" तिथे एक ओळ टाकून मोकळे होतात.

एक उदाहरण जवळून बघू. समजा पायथनची एक छोटी लायब्ररी आहे, मराठी-कोंकणी मजकूर साफ करून देणारी. "देवनागरी सपोर्ट सुधारणे" ही आयडिया नाही, ती इच्छा आहे, कुठून सुरू करायचं तेच मुलाला कळत नाही. आता हे बघा: "दऱ्या" मधला तो वाकडा र दोन तऱ्हांनी साठवला जातो, एक तर त्याचं स्वतंत्र अक्षर वापरून, नाहीतर साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारा जोडक घालून. बरेच प्रोग्राम साफसफाई करताना न दिसणारी चिन्हं सरसकट उडवतात, मग दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या "दऱ्या"चा "दर्या" होतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या डोंगरदऱ्या थेट समुद्रात जातात आणि कुठेही एरर येत नाही! "ॲप"चंही तसंच, पहिलं अक्षर कोणी एकसंध टाइप करतो, कोणी अ वर चंद्र देऊन, डोळ्याला सारखंच दिसतं पण सर्चला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडच्या (अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीच्या) नेहमीच्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे सारखी अक्षरं एकाच रूपात आणण्याने, ते एक होत नाहीत. ही झाली आयडिया. पहिल्या तीन आठवड्यांत अशा जोड्यांच्या टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम), मग वाकडा र, मग ॲ, आणि वेळ उरला तर कोंकणी शब्दांचं सॉर्टिंग. मुलगी पाचव्या आठवड्यात आजारी पडली तरी टेस्ट आणि वाकडा र मर्ज झालेले, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळलेले, असतात आणि लायब्ररी आधीपेक्षा बरी असते. प्रत्येक आयडिया या कसोटीवर घासून बघावी असं माझं स्पष्ट मत आहे, मधेच थांबली तर काय उरतं?

आता गोव्यापुरतं. फर्मागुढीचं गोवा इंजिनिअरिंग कॉलेज, झुआरीनगरचं बिट्स, एनआयटी, आयआयटी, मुलं इथे भरपूर आहेत. पण कार्यक्रमाच्या नावातला उन्हाळा आपला नाही. कोडिंग मे संपताना किंवा जूनमध्ये सुरू होऊन ऑगस्टअखेरपर्यंत चालतं, म्हणजे मिरगाचा पाऊस, आतल्या गावांत वीज जाणं, नेट जाणं, नवीन सेमिस्टर आणि बऱ्याच वर्षी शेवटाला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. चवथीला घर साफ करायचं, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायची, त्या आठवड्यात कोड होत नाही आणि होऊही नये. म्हणून वेळापत्रकात तो आठवडा आधीच कोरा सोडायचा, जड काम जूनमध्ये घ्यायचं, आणि टेस्ट नेटशिवाय लॅपटॉपवर चालतील अशी सोय पावसाआधी करून ठेवायची. समर ऑफ कोडमध्ये नेहमीचे 12 आठवडे वाढवून 22 पर्यंत नेता येतात, ते मेंटॉरने सुरुवातीलाच सांगावं, मूल रडकुंडीला आल्यावर नव्हे. डिसेंबरची आउटरीची आपल्या हवामानाला जास्त मानवते.

मेंटॉर एका प्रोजेक्टला दोन तरी हवेत, एक आजारी किंवा गावाला गेला तर दुसरा. आणि आपल्याकडची मुलं "सर, एक छोटा डाऊट होता" असं खाजगी मेसेजमध्ये विचारतात, सगळ्यांसमोर विचारायला लाजतात. त्यांना रागावू नये, उत्तर उघड चॅनलवर द्यावं आणि तिथेच पुढचा प्रश्न विचारायला सांगावं, दोन आठवड्यांत भीड चेपते. एका वर्षी मी स्वतः एका मुलाला सगळी उत्तरं खाजगीतच देत बसलो, मी चार दिवस तापाने पडलो तेव्हा त्याचं काम कुठवर आलंय हे दुसऱ्या मेंटॉरला ठाऊकच नव्हतं, तो मुलगा नुसता वाट बघत बसला, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

निवड करताना लांबलचक प्रपोजलपेक्षा अर्जाच्या आधी पाठवलेली एक छोटी पुल रिक्वेस्ट (आपला बदल कोडमध्ये घ्या अशी विनंती) बघावी, मग ती डॉक्युमेंटेशनमधली चूक सुधारणारी का असेना. रिव्ह्यूमध्ये सांगितलेली दुरुस्ती अर्जदाराने समजून केली की नुसती केली, हे तिथे दिसतं. त्यासाठी सोपे इश्यू (नोंदवलेल्या चुका आणि कामं) फेब्रुवारीतच वेगळे काढून ठेवावे लागतात, नाहीतर मार्चमध्ये अर्जांची झुंबड उडते आणि वीस मुलं एकाच इश्यूवर तुटून पडतात.

मूल्यमापन मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा होतं. मध्यावर नापास करायची वेळ येऊ नये म्हणून दर आठवड्याला अर्धा तास ठरवून बोलावं, आणि कोड शेवटी एकदम न घेता छोट्या तुकड्यांत मर्ज करत जावा. ऑगस्टअखेर दोन हजार ओळींची एकच पुल रिक्वेस्ट आली की ती रिव्ह्यू करायला कोणाला सवड नसते, ती महिनोन्‌महिने उघडी राहते, आणि तोवर पोरगी शेवटच्या वर्षाच्या प्लेसमेंटमध्ये अडकलेली असते.